तुझं 'आणि', माझं 'किंवा'

वैशाली,

मला भीती वाटतेय. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिल्या 'हॅलो'लाच ओळखलं असतंस. "काय झोपलं, तुमचं की आमचं?" एवढंच विचारायचीस. 'तुमचं' म्हणजे माझ्या अंधेरीच्या लॅबचा मेल, 'आमचं' म्हणजे तुझ्या मुलुंडच्या हॉस्पिटलचा. सहा वर्षं मी घाबरले की तुला फोन करायचे. आता ज्या गोष्टीने घाबरलेय ती तुझीच आहे, आणि तुला जाऊन अकरा दिवस झालेत.

तुझ्या सोसायटीत निम्म्या लोकांना तू नर्स वाटायचीस. तू तसंच वाटू द्यायचीस. "मेल सांभाळते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करता? नर्स म्हटलं की गप्प बसतात." खरं तर काम सांगायला सोपं होतं. रक्ताच्या बाटल्या तुमच्याकडून आमच्याकडे गाडीने यायच्या, रिपोर्ट आमच्याकडून तुमच्याकडे मेलने जायचा. कुणाच्या रक्तात काय आहे ते वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो कुलूप लावून जायचा. पण तुमची कुलपं एका कंपनीची, आमची दुसऱ्या कंपनीची. दोन्ही भारी, आणि दोन्ही एकमेकांना ओळख द्यायला तयार नाहीत. त्यांची ओळख करून द्यायला दोन्हीकडून एकेक बाई बसवली, ती तू आणि मी. आठ महिने नुसत्या फोनवर भांडलो, तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं एकमेकींचं.

पहिली चाचणी आठवते? खऱ्या पेशंटचं नाव वापरायचं नाही असा नियम होता, म्हणून मी खोटा पेशंट बनवून पाठवला.

"आला गं," तू म्हणालीस. "पण हे काय आहे? चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह, चौकोन. वाचून दाखवू?"

"पेशंटचं नाव दिसतंय का?"

"दिसतंय ना. चौकोनराव चौकोने."

असे कितीतरी चौकोनराव झाले. मग एका दुपारी तू फोनवर हळूच वाचायला लागलीस, "नाव, वडा बटाटा. वय, आजचाच. लिंग, तळलेलं... सुषमे! उघडला गं! उघडला!" तू अशी ओरडलीस की शेजारच्या टेबलावरची बाई उंदीर समजून खुर्चीवर चढली. मी इकडे लॅबच्या पॅसेजमध्ये एकटीच हसत उभी होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी तुला सांगितलं नाही.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर बसले. माझी डिग्री आमच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्याला आधी ती दिसते, मग देव. तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा तिला हात जोडलेस. "आधी हिच्या पाया पडते, नाहीतर चहा मिळायचा नाही." आई हसली. मी नाही हसले. तुमच्याकडे आजोबांपासून सगळे ऑफिसात, तुझी स्वतःची डिग्री कुठल्या फायलीत आहे ते तुला शोधूनही सापडलं नसतं. मला ते झोंबायचं. तू मला 'ग्रॅज्युएट' अशी हाक मारायचीस, त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे विचारायचं राहून गेलं.

आपलं मोठं भांडण मनोरीला झालं. सगळं नीट चालायला लागलं म्हणून आपण दोघी एक दिवस सुट्टी काढून गेलो होतो. मार्व्याच्या धक्क्यावरून बोट निघाली आणि मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

"कोकणातली ना गं तू?"

"कोकणातली आहे. मासा नाही."

तू इतकी हसलीस की समोरची कोळीणही हसायला लागली. तिकडे पोचून जेवलो, आणि जेवता जेवता तू पिशवीतून तो कागद काढलास. दोन्हीकडच्या साहेबांनी सही करायच्या नियमांचा. त्यात एक ओळ होती. धोक्याचा रिपोर्ट असेल तर लॅबने काय करायचं? मी लिहिलं होतं, 'मेल पोचला किंवा वॉर्डला फोन केला, की काम पूर्ण.' तू 'किंवा' खोडून वर 'आणि' लिहिलं होतंस.

"मेल पोचला आणि फोन केला," तू म्हणालीस. "दोन्ही."

"फोनच करायचा असेल तर आठ महिने काय केलं आपण?"

"त्या आठ महिन्यांमुळे रिपोर्ट दारापर्यंत येतो. हातात पडला की नाही ते कोण बघणार?"

"हिरवी टिक येते ना!"

"टिक तुझ्या मशीनला येते, सुषमे. माझ्या सिस्टरला काय येतं?"

मी ऐकलं नाही. पोचला का, पोचला का, असं सारखं विचारत बसणं मला अडाण्यासारखं वाटायचं. सिस्टिम बनवली आहे तर तिच्यावर विश्वास ठेवा, हेच माझं. शेवटी तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "तू तुझ्या डिग्रीसाठी भांडतेयस. पेशंटसाठी नाही." परत येताना बोटीत मी तुझ्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, "ठेव तुझं किंवा. मी रोज सकाळी न उघडलेले बघत जाईन."

मी जिंकले होते. आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

आणि तू खरंच बघत राहिलीस. रोज सकाळी, डबा टेबलावर ठेवायच्या आधी. पहिल्याच वर्षी मी एका वॉर्डचा पत्ता चुकीचा टाकला होता. तू तो रिपोर्ट उचललास, स्वतः जिने चढून वॉर्डात नेऊन दिलास आणि तुझ्या साहेबांना सांगितलंस, आमच्याकडे गडबड झाली होती. मला दोन दिवसांनी फोनवर म्हणालीस, "पत्ता बघ गं जरा, ग्रॅज्युएट." बस. त्यानंतर असे किती रिपोर्ट तुला सापडले ते तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. आता तो आकडा कुणालाच कळणार नाही, आणि त्या न कळलेल्या आकड्याची मला भीती वाटते. माझं 'किंवा' इतकी वर्षं चाललं ते माझ्या सिस्टिममुळे चाललं की तुझ्या सकाळच्या पंधरा मिनिटांमुळे?

आता त्या गुरुवारचं सांगते. तुमच्या सोसायटीच्या अंकात हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून नीट सांगते, तू कंटाळू नकोस.

वर्षातून एकदा तुमचं कुलूप बदलतं. नवीन कुलूप तू पाठवायचीस, मी ते आमच्या बाजूला चढवायचे, मग जुनी किल्ली बंद. त्या गुरुवारी तुझा मेसेज आला. 'नवीन कुलूप पाठवलंय. आजच चढव. जुनी किल्ली उद्या सकाळी बंद. ताप आहे, फोन नको.' मी अंगठा पाठवला.

चढवलं नाही.

वैशाली, तू सगळ्यालाच 'आजच' लिहायचीस. लोणच्याची बरणी परत दे, आजच. तो फोटो पाठव, आजच. मागच्या वर्षी जुनी किल्ली तू आठवडाभर चालू ठेवली होतीस. मला वाटलं, याही वर्षी ठेवशील. शुक्रवारी आमच्याकडे नवीन मशीन बसत होतं, सगळे माझ्या नावाने ओरडत होते. म्हटलं, सोमवारी चढवू. तू तो मेसेज तुमच्याच हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरून, एका हाताला सलाईन असताना, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाईप केला होतास, हे मला तुझ्या नवऱ्याने, महेशने, नंतर सांगितलं. मला नुसतं 'ताप' माहीत होतं.

शुक्रवारी दुपारी एक धोक्याचा रिपोर्ट तयार झाला. रक्तात जंतू सापडलेत, कुठल्या औषधाने मरतात आणि कुठल्या औषधाने नाही, असं त्यात होतं, कल्चरचा रिपोर्ट म्हणतात तो. मला नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. ती व्यवस्था आपणच केली होती, तुझाच आग्रह होता. तो रिपोर्ट जुनं कुलूप लावून निघाला आणि तीन चाळीसला तुमच्याकडे पोचला. आमच्या स्क्रीनवर हिरवी टिक आली. आमच्या लॅबमधल्या बाईने टिक बघितली आणि फोन केला नाही. का करेल? नियमात 'किंवा' होतं. तुमच्याकडे तो रिपोर्ट कुणाला उघडता येईना, कारण त्याची किल्ली ठरल्याप्रमाणे सकाळीच आपोआप बंद झाली होती. आणि रोज सकाळी न उघडलेले बघणारी बाई स्वतःच पेशंट होती.

सोमवारी सकाळी तुमच्या वॉर्डातून फोन. "कल्चरचा रिपोर्ट अजून नाही आला."

"पोचलाय सिस्टर. शुक्रवारीच."

"अहो, उघडत नाही. नुसते चौकोन दिसतायत."

चौकोन म्हटल्याबरोबर मला कळलं. नवीन कुलूप चढवलं आणि शुक्रवारपासूनचे सगळे रिपोर्ट परत पाठवले. दहा मिनिटं लागली. मग तुला मेसेज केला, 'सॉरी गं, तुझ्या आजचला माझे चार दिवस लागले.' पुढे एक हसरा चेहरा टाकला. उत्तर आलं नाही. म्हटलं, ताप असेल.

बुधवारी तू गेलीस. मूत्रपिंडातला जंतू रक्तात उतरला, असं महेश म्हणाला. मी स्मशानात आले होते, मागे उभी होते. रडले पण साधं रडले, मैत्रिणीसाठी रडतात तसं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

शनिवारी महेशचा ऑफिसात फोन आला. तो कागद लावत बसला होता. "सुषमा, हा एक नंबर आहे बघ, तुमच्या लॅबचा. हा रिपोर्ट कधी आला होता? इथे दोन तारखा दिसतायत." मी नंबर टाकला. हिरवी टिक, शुक्रवार. म्हणाले, "शुक्रवारीच पोचला, महेश."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि मग मी तिथेच बसून राहिले. दोन तारखा. शुक्रवार. सोमवार. चौकोन. तो नंबर तुझा होता.

त्या दिवसापासून ही भीती आहे. हिरवा रंग दिसला की मान फिरवते. मेडिकलच्या दुकानाचा प्लस, फोनवर चार्जिंग पूर्ण झाल्याचा ठिपका, काहीही. ऑफिसचा फोन वाजला की दोन रिंग जाऊ देते. मंगळवारपर्यंत मी मशीनमधली नोंद उघडली नाही, कारण उघडेपर्यंत चूक माझी नव्हती असं म्हणायला थोडी जागा होती. कदाचित मी शुक्रवारी सकाळीच कुलूप चढवलं असेल आणि विसरले असेन, असंसुद्धा मनाला सांगून बघितलं. मंगळवारी उघडली. शुक्रवार, तीन चाळीस, पोचला. सोमवार, अकरा वीस, परत पाठवला. अकरा सव्वीस, उघडला. खाली कुलूप चढवणाऱ्याचं नाव, माझं, पूर्ण. त्या दिवसांत अडकलेले बाकीचे नंबरही एकेक करून तपासले. ती माणसं बरी होऊन घरी गेली आहेत. त्यांच्यातली एक आजी तर गोराईची आहे, तुमच्या सिस्टरने सांगितलं, सुनेशी भांडत भांडत गेली. मला तिचा इतका आनंद झाला की लाज वाटली.

बाबांना सांगितलं. ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना लेकीबद्दल सांगत असतात, "आमचा चेडू लॅबात कॉम्प्युटर सांभाळता." त्यांनी सगळं ऐकलं, अर्धं त्यांना कळलं नसेल.

"नोकरी जायत काय गो?"

"जाऊ शकते."

मग म्हणाले, "तिच्या घराक जावन इलंस?"

"नाही."

"मगे नोकरीचा नंतर बघ. आधी थय जा."

गुरुवारी मेट्रोने घाटकोपरला तुझ्या घरी आले. महेशने दार उघडलं, बस म्हणाला. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर चहा आला असता आणि चहा आल्यावर मला सांगता आलं नसतं. गुरुवारपासून सोमवारपर्यंत सगळं, मेसेजमधल्या हसऱ्या चेहऱ्यासकट. तो पंख्याच्या बटनाकडे बघत होता.

"शुक्रवारी उघडला असता तर वाचली असती?"

"मला माहीत नाही."

"सोमवारी दुपारी औषध बदललं त्यांनी. मी डॉक्टरांना विचारलं होतं, उशीर झाला का. ते म्हणाले, सांगता येत नाही."

"मलाही नाही सांगता येत."

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू शनिवारी मला शुक्रवार सांगितलास."

"हो. तेव्हा स्क्रीनवर तेच होतं."

"आणि नंतर कळल्यावर पाच दिवस गप्प बसलीस. त्याचा राग आहे मला. बाकीचं कळायला वेळ लागेल."

मी मान हलवली. त्याने मला माफ केलं नाही, वैशाली, आणि खोटं माफ केलं नाही याबद्दल मी त्याची आभारी आहे. मी चप्पल घालत होते तेव्हा तो म्हणाला, "सोसायटीच्या अंकात तिच्यावर दोन पानं हवी आहेत. तू लिही. हे पण लिही." हा माणूस तू कुठून शोधलास, तेही कधी नीट सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "लॉटरी लागली, गप्प बस."

शुक्रवारी आमच्या साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि पाणी दिलं.

"नियम बदलू आपण. 'किंवा' काढून 'आणि' घालू. चांगली सूचना आहे, तुझ्या नावाने जाऊ दे. सोमवारी दोन्हीकडचे मोठे लोक वर बसतायत, तिथेच मांड."

"आणि कारण?"

"कारण कशाला लिहायचं? गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

"नाही."

"तुझ्या घरी कमावतं कोण?"

"मी."

"मग?" म्हणाले. रागावून नाही. मुलीला समजावतात तसं.

उद्या सोमवार. अकरा वाजता वरच्या मजल्यावर. हा अंक तुझ्या शेजाऱ्यांच्या हातात पडेल तेव्हा तिथे काय झालं ते ठरून गेलेलं असेल, मला आत्ता काहीच माहीत नाही. ताट तसंच झाकून ठेवलंय. आई दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली. भिंतीवरच्या डिग्रीकडे बघते तर वाटतं, ही मला मिळाली तेव्हा पूर्ण चाळीला पेढे वाटले होते, आणि उद्या वर मला कुणी विचारलं की शिकलात किती, तर काय तोंडाने सांगू?

सकाळी दोन कागद तयार केले होते. एकावर काय झालं आणि कुणाकडून झालं. दुसऱ्यावर नवा नियम, खाली 'सूचना: वैशाली' असं, कारण ती माझी नव्हतीच. दोन्ही समोर ठेवले आणि मला उद्याचं स्पष्ट दिसलं. साहेब दुसरा कागद ठेवून घेणार, छान म्हणणार, आणि पहिला घडी घालून परत माझ्या हातात देणार. आणि तुला म्हणून सांगते, मला हलकं वाटलं. सुटले असं वाटलं. त्या हलकं वाटण्याने जी भीती भरली, तेवढी या अकरा दिवसांत एकदाही वाटली नव्हती.

म्हणून दोन्ही फाडले. आता एकच कागद आहे आणि त्यावर एकच वाक्य, लांबलचक, वाचताना दम लागेल असं. ते 'मी नवीन कुलूप चार दिवस चढवलं नाही' इथून सुरू होतं, तुझ्या रिपोर्टवरून, तुझ्या नावावरून जातं आणि नव्या नियमावर संपतं. चारदा वाचून बघितलं. मध्ये कुठेही पूर्णविराम ठेवलेला नाही. कापायला जागाच नाही.